महामस्तिष्की श्वेतद्रव्य विकृती

महामस्तिष्की श्वेतद्रव्य विकृती : मेंदूतील श्वेत द्रव्यास सूज येऊन त्यात द्रवाने भरलेल्या पुटी निर्माण करणारा एक दुर्मिळ आनुवंशिक विकार. बाल्यावस्थेत डोक्याचा घेर प्रमाणाबाहेर वाढणे हे त्याचे पहिले लक्षण असल्याने हे नाव रूढ झाले आहे. हा विकार जगात सर्वत्र विरळाच आढळतो. तथापि भारतातील अगरवाल समाजात त्याचे प्रमाण तुलनेने अधिक आहे. ही गोष्ट प्रथम मुंबईतील तंत्रिकावैज्ञानिकांच्या निदर्शनास आली. एखाद्या समाजाच्या विवाहपद्धतीचा व आनुवंशिक रोगाचा संबंध कसा असतो, हे समजण्याच्या दृष्टीने हे उदाहरण महत्त्वाचे आहे.

लक्षणे : मूल जन्मतः निरोगी दिसते. पहिल्या वर्षात डोक्याचा घेर झपाट्याने वाढतो. त्यानंतर वाढीचा वेग सामान्य होतो. पण डोके वयाच्या मानाने मोठेच राहते. सुरुवातीचा विकास प्राकृत असतो किंवा थोडा मंदावलेला असतो. बहुतेक मुले स्वतंत्रपणे चालू लागतात. पुढे काही वर्षांत चालताना तोल जाणे, हातापायांचे स्नायू ताठरणे, उच्चार अस्पष्ट होणे ही लक्षणे हळूहळू वाढत जातात. अनेक रुग्णांना पौगंडावस्थेत किंवा त्यानंतर चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागतो. अपस्माराचे झटके बहुतेकांना येतात. ते सामान्यतः औषधांनी आटोक्यात राहतात. बुद्धीचा ऱ्हास मात्र उशिरा व सौम्य असतो. प्रतिमाचित्रांत मेंदूतील बिघाड तीव्र दिसावा आणि रुग्ण त्या मानाने बराच बरा असावा, ही विसंगती या विकाराची ओळख मानली जाते. डोक्यास किरकोळ मार लागला, तरी प्रकृती एकाएकी ढासळू शकते.

संशोधनाचा इतिहास : मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधील तंत्रिकावैज्ञानिक डॉ. भीमसेन सिंघल व त्यांचे सहकारी यांनी १९९१ मध्ये अशा भारतीय रुग्णांची माहिती मांडली. रुग्णांच्या कुटुंबांची चौकशी करता बहुतेक कुटुंबे एकाच समाजातील असल्याचे दिसून आले. १९९५ मध्ये नेदर्लंड्समधील मार्यो व्हान डर क्नाप यांनी आठ मुलांच्या अभ्यासावरून या विकाराचे स्वतंत्र रोग म्हणून सविस्तर वर्णन केले. १९९६ मध्ये सिंघल व सहकाऱ्यांनी अगरवाल समाजातील रुग्णांविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर रोगास कारणीभूत जीन बाविसाव्या गुणसूत्राच्या टोकाजवळ असल्याचे कळले आणि २००१ मध्ये तो ओळखण्यात आला. त्यास ‘एमएलसी १’ असे नाव आहे. २००४ मध्ये अगरवाल रुग्णांतील दोष एकाच प्रकारचा असल्याचे सिद्ध झाले. २०११ मध्ये ‘हेपाकॅम’ या दुसऱ्या जीनातील दोषांमुळेही असाच विकार होतो, असे आढळले.

कारणमीमांसा : एमएलसी १ जीनानुसार तयार होणारे प्रथिन मेंदूतील तारका कोशिकांच्या पटलात, विशेषतः रक्तवाहिन्यांना वेढणाऱ्या त्यांच्या टोकांत, असते. तंत्रिका कोशिकांचे कार्य चालू असताना त्यांच्याभोवती लवणांचे आयन व पाणी यांचा समतोल सतत बदलत असतो. हा समतोल पूर्ववत करण्याचे काम तारका कोशिका करतात. प्रथिन सदोष असल्यास पाण्याचा निचरा नीट होत नाही. मग तंत्रिका तंतूंवरील मायेलिन या मेदयुक्त आवरणाच्या थरांत सूक्ष्म पोकळ्या पडतात व श्वेत द्रव्य सुजते. अगरवाल रुग्णांत या जीनाच्या सुरुवातीच्या भागात सायटोसीन हे एकच जादा घटक शिरलेले असते. जीनातील संकेत तीन-तीन घटकांच्या गटांनी वाचला जात असल्याने या एका घटकामुळे पुढील सर्व गट सरकतात आणि प्रथिन अपुरे राहते.

आनुवंशिकता : या विकाराचा नेहमीचा प्रकार अप्रभावी आहे. जीनाच्या दोन प्रतींपैकी एकच सदोष असलेली व्यक्ती निरोगी राहते. तिला वाहक म्हणतात. पती व पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणी अपत्य रुग्ण असण्याची शक्यता एक चतुर्थांश, वाहक असण्याची निम्मी व पूर्णतः दोषमुक्त असण्याची एक चतुर्थांश असते. रुग्णाच्या निरोगी भावंडाची वाहक असण्याची शक्यता दोन तृतीयांश असते. समजा, एखाद्या समाजात दर ५० व्यक्तींमागे एक वाहक आहे. तर त्या समाजातील कोणत्याही जोडप्याच्या अपत्यास रोग होण्याची शक्यता १०,००० त एक येते. रुग्णाच्या निरोगी भावंडाने त्याच समाजात विवाह केल्यास मात्र ती ३०० त एक होते. वाहक चाचणीची गरज कोणास अधिक आहे, हे या गणितावरून स्पष्ट होते.

संस्थापक परिणाम : अगरवाल समाज आपले मूळ हरियाणातील अग्रोहा येथे व महाराजा अग्रसेन यांच्यापाशी मानतो. व्यापारानिमित्त या समाजातील कुटुंबे मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अकोला इ. शहरांत स्थायिक झाली आहेत. समाजात परंपरेने अठरा (काही मते साडेसतरा) गोत्रे असून सगोत्र विवाह निषिद्ध आहे. मात्र विवाह समाजांतर्गत होत असत. दक्षिणेकडे व महाराष्ट्रातील अनेक जातींत प्रचलित असलेला मामेबहिणीशी विवाह येथे होत नाही. तरीही अप्रभावी रोग का आढळावा, असा प्रश्न साहजिकच पडतो. गोत्र पित्याकडून येते, जीन मात्र आईवडील दोघांकडून येतात. विवाहानंतर कन्येची संतती पतीच्या गोत्राची होते व तिने नेलेला सदोष जीन दुसऱ्या गोत्रात जातो. अशा रीतीने एका दूरच्या पूर्वजात उद्‌भवलेले उत्परिवर्तन काही पिढ्यांत सर्व गोत्रांत पसरते. पण समाजाबाहेर जात नाही. यास संस्थापक परिणाम म्हणतात. लिबियातील ज्यू लोकांत याच जीनातील निराळ्या उत्परिवर्तनाबाबत असेच घडले आहे.

महाराष्ट्रातील काही आदिवासी व इतर समाजांत आढळणाऱ्या दात्र-कोशिका पांडुरोगाचे कारण यापेक्षा वेगळे आहे. तेथे वाहकांना हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळाल्याने सदोष जीन टिकून राहिला. श्वेतद्रव्य विकृतीत वाहकांचा असा कोणताही लाभ ज्ञात नाही. कोणत्याही अंतर्विवाही समाजात कोणते ना कोणते अप्रभावी दोष साठलेले असतात. त्यामुळे एखादा रोग विशिष्ट समाजाचा कलंक समजणे शास्त्रदृष्ट्या चुकीचे आहे.

निदान, उपचार व प्रतिबंध : चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनात (एमआरआय) सुजलेले श्वेत द्रव्य व शंखखंडाच्या अग्रभागातील पुटी दिसतात. जीन परीक्षणाने निदान पक्के होते. अगरवाल रुग्णांत दोष ठाऊक असल्याने ही चाचणी सोपी व कमी खर्चाची ठरते. रोग समूळ बरा करणारा उपचार उपलब्ध नाही. अपस्मारावरील औषधे, भौतिकी चिकित्सा, वाचाचिकित्सा, शालेय साहाय्य व डोक्यास मार लागू नये म्हणून घ्यावयाची काळजी यांवर भर असतो. उंदरांवरील प्रयोगांत जीन चिकित्सेने मायेलिनातील पोकळ्या कमी झाल्याचे आढळले आहे.

कुटुंबात रुग्ण असल्यास पुढील गरोदरपणी गर्भाची तपासणी करता येते. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्याने आनुवंशिक विकारांच्या निदानासाठी नोंदणीकृत केंद्रांत अशा चाचण्यांस मुभा ठेवली आहे. विवाहापूर्वी दोघांची वाहक चाचणी केल्यास धोका आधीच कळतो. मात्र वाहक निरोगीच असल्याने त्यास विवाहास अपात्र ठरविण्याचे कारण नाही. दोन्ही वाहक एकत्र आल्यासच प्रश्न उद्‌भवतो. चाचणीचा निष्कर्ष गुप्त राखणे व त्याचा अर्थ कुटुंबास नीट समजावून सांगणे हे आनुवंशिक समुपदेशकाचे काम होय. मूल आजारी झाल्यावर दोष बहुधा आईलाच दिला जातो; वस्तुतः या विकारात सदोष जीन आईवडील दोघांकडूनही आलेला असतो.