डोंबिवलीचा टीडीएस, ठाण्याचा अनिबा

'लॅटिनमधलं आपल्याला ओ की ठो कळत नाही,' असं सांगणारा डोंबिवलीकर घरातून निघेपर्यंत चार शब्द लॅटिन बोलून मोकळा झालेला असतो. गजर वाजतो तो 'ए.एम.'ला. आन्ते मेरिदिएम, माध्यान्हीच्या आधी. मग 'आज व्हाया दादर की व्हाया घाटकोपर?' 'विया' म्हणजे रस्ता. रोमनांनी युरोपभर पक्के रस्ते बांधले खरे, पण चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने टेकायची कला त्यांना कुठली!

बसची गंमत और आहे. मूळ शब्द 'ओम्निबुस', सर्वांना. पुढचं सगळं गळलं आणि मागे उरला निव्वळ विभक्तीचा प्रत्यय. म्हणजे घोडबंदर रोडला आपण 'ना'मध्ये बसून जातो. हात दाखवूनही न थांबता जी सुसाट जाते, तिला हे नाव शोभतंही.

खरा खजिना मात्र केमिस्टच्या काउंटरवर. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं 'आरएक्स' म्हणजे 'रेकिपे', घे! हुकूम पेशंटला नाही, औषध बनवणाऱ्याला: अमुक घे, तमुक घे, खल कर. 'बीडी' म्हणजे 'बिस दिए', दिवसातून दोनदा. धूर काढायचा नाही. 'टीडीएस' वाचून नौपाड्यातला एखादा सीए दचकेल, पण इथे करकपात नाही. 'तेर दिए सुमेन्दुम', दिवसातून तीनदा घ्यावे. आणि 'एसओएस' हे 'सी ओपुस सित', गरज पडली तर. बुडत्या जहाजाचा एसओएस वेगळा. तो कशाचंच लघुरूप नाही, पाठवायला सोपा म्हणून निवडलेला मोर्स संकेत आहे.

सोसायटीची सभा तर अर्धी रोममध्येच भरते. अजेंडा, कोरम, प्रो-राटा, सगळं तिकडचं. कोरम भरला नाही की सभा तहकूब, मग चहा, मग तीच माणसं, तेच भांडण. प्रकरण कोर्टात गेलं की 'स्टेटस को', ज्याला आपली वर्तमानपत्रं झकास 'जैसे थे' म्हणतात.

ज्या मुंबईकडे रोज लोकल धावतात, तिच्या महापालिकेचं जुनं बिरुद होतं 'उर्ब्स प्रिमा इन इंडिस', हिंदुस्थानातलं पहिलं शहर. पण लॅटिनच्या बाबतीत ठाण्याने मुंबईला केव्हाच मागे टाकलंय. मुंबई सात बेटांत विखुरलेली होती तेव्हा, १३२१ साली, जोर्दानुस नावाचा फ्रेंच धर्मोपदेशक या बाजूला आला. त्याच्या चार फ्रान्सिस्कन साथीदारांची ठाण्यात हत्या झाली. जोर्दानुस मागे राहिला, त्याने लॅटिनमध्ये पत्रं धाडली आणि पुढे 'मिराबिलिया देस्क्रिप्ता' हे नवलांचं पुस्तक लिहिलं. पारशांची मृतदेह उघड्यावर ठेवायची रीत त्यात आहे. फणसाचंही वर्णन आहे, आणि एका अतिगोड फळाचं तर तो तोंड भरून कौतुक करतो. नाव देतो 'अनिबा'. पावसाळ्याच्या तोंडावर गावदेवी मार्केटात एक चक्कर मारलेल्याला हे फळ कुठलं ते सांगायला नको.

पुढे १७५३ मध्ये लिनियसने त्याच झाडाचं लॅटिन बारसं केलं, पण नाव उचललं ते दक्षिणेकडचं 'मांगा': मँगिफेरा इंडिका. जोर्दानुसचं त्याने ऐकलं असतं तर आपला हापूस आज जगभरच्या वनस्पतिशास्त्रात 'अनिबा' म्हणून मिरवला असता.