औषधलेपित स्टेंट : पाव शतकाचा हिशेब

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांमध्ये बसवला जाणारा औषधलेपित स्टेंट हा मुळात एका उपचारातून उद्भवलेल्या दुखण्यावरचा उपचार आहे. हे लक्षात घेतलं नाही, तर त्याचं खरं यश कशात आहे हेही कळत नाही आणि त्याच्याकडून भलती अपेक्षा कुठे होते हेही कळत नाही. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये जाग्या रुग्णाच्या हृदयधमनीत पहिल्यांदा फुगा फुगवून अडथळा दूर केला. छाती न उघडता धमनी मोकळी झाली, पण साधारण तीनपैकी एका रुग्णात ती काही महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची. १९८६ मध्ये फ्रान्समध्ये झाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिश सिगवर्ट यांनी धातूची जाळीदार नळी आत ठेवून धमनीच्या भिंतीला आधार दिला. १९९४ च्या बेनेस्टेंट चाचणीत पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आलं. उरलेले बावीस टक्के मात्र नुसत्या धातूने हटणारे नव्हते. फुग्याच्या आणि धातूच्या दाबाने धमनीच्या भिंतीला इजा होते, ती भरून काढायला स्नायुपेशी वाढू लागतात आणि जाळीच्या आत नवी ऊती भरत जाते. जखम भरण्याची शरीराची चांगली सवयच इथे अंगाशी येत होती.

या सवयीला आवर घालणारी औषधं आली ती हृदयरोगाशी काहीही संबंध नसलेल्या ठिकाणांहून. १९६४ साली ईस्टर बेटावर गेलेल्या कॅनडाच्या वैद्यकीय मोहिमेने तिथली माती आणली. त्या मातीतल्या जिवाणूपासून माँट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीविरोधी द्रव्य वेगळं केलं, तेच सिरोलिमस. ते पेशींचं विभाजन थांबवतं, हे पुढे उमगलं आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणात त्याचा उपयोग होऊ लागला. दुसरं औषध पॅक्लिटॅक्सेल. ते पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतलं. त्याची रचना मन्रो वॉल यांच्यासह १९७१ मध्ये जगापुढे मांडणारे मनसुख वाणी हे नंदुरबारचे आणि मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी. कर्करोगावरचं म्हणून जगभर गाजलेलं हे औषध हृदयाच्या धमनीतही पोचलं, याची दखल आपल्याकडे फारशी घेतली गेलेली नाही. ती घ्यायला हवी.

अशा औषधाचा पॉलिमरमध्ये मिसळलेला पातळ लेप स्टेंटवर द्यायचा आणि पेशी वाढीला लागण्याच्या काळात ते आठवडेच्या आठवडे थोडं थोडं झिरपू द्यायचं, ही कल्पना डिसेंबर १९९९ मध्ये साओ पावलो इथे एदुआर्दो सोसा यांनी पहिल्यांदा रुग्णावर वापरली. २००२ साली रॅव्हेल चाचणीचे आकडे प्रसिद्ध झाले : सहा महिन्यांनी साध्या स्टेंटच्या गटात २६.६ टक्के धमन्या पुन्हा अरुंद झाल्या होत्या, औषधलेपित गटात एकही नाही. या शून्याने हृदयरोगशास्त्राला भारून टाकलं. त्याची दुसरी बाजू २००६ मध्ये बार्सिलोनात झालेल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत समोर आली. जे औषध स्नायुपेशींना रोखतं, तेच धमनीच्या आतल्या अस्तरालाही स्टेंटवर पसरू देत नाही. धातू उघडा राहतो, पॉलिमरमुळे काहींच्या धमनीत दाह सुरू राहतो आणि वर्ष-दोन वर्षांनी एखाद्या दिवशी अचानक गुठळी होऊन स्टेंट बंद पडतो. बर्न आणि रॉटरडॅम इथल्या आठ हजारांवर रुग्णांच्या नोंदींत हे प्रमाण वर्षाला सुमारे ०.६ टक्के निघालं. आकडा लहान आहे, पण धमनी हळूहळू अरुंद झाली तर छातीत दुखू लागतं आणि डॉक्टर गाठायला वेळ मिळतो. गुठळी झाली तर हृदयविकाराचा झटका येतो आणि त्यात अनेक जण दगावतात. या दोन धोक्यांना एका तागडीत घालता येत नाही.

रचनेतला खरा शहाणपणा या धक्क्यानंतर आला. पहिल्या सिरोलिमस स्टेंटच्या पोलादी तारा सुमारे १४० मायक्रॉन जाडीच्या होत्या. कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूमुळे ती जाडी ८० च्या आसपास आली, आणि आजच्या काही स्टेंटमध्ये ती ६० आहे. तार जितकी बारीक, तितका रक्तप्रवाहाला अडथळा कमी आणि तितकं अस्तर लवकर चढतं. एव्हरोलिमस, झोटारोलिमस ही सिरोलिमसचीच भावंडं कमी मात्रेत वापरली गेली. पॉलिमर शरीराला अधिक मानवणारे आले, काही तर विरघळून जाणारे. मात्र सगळाच स्टेंट विरघळवण्याचा प्रयत्न फसला. अॅब्सॉर्ब या विरघळणाऱ्या स्टेंटच्या तारा पुन्हा दीडशे मायक्रॉनच्या झाल्या, गुठळ्या वाढल्या आणि २०१७ मध्ये तो बाजारातून मागे घेतला गेला.

मग या साऱ्या सुधारणांनी माणूस जास्त जगतो का? नॉर्वेतल्या नॉरस्टेंट चाचणीने हाच प्रश्न विचारला. ९,०१३ रुग्णांना नव्या पिढीचे औषधलेपित किंवा साधे स्टेंट बसवले गेले. सहा वर्षांनी मृत्यू आणि झटका यांचं एकत्रित प्रमाण औषधलेपित गटात १६.६ टक्के होतं, साध्या गटात १७.१, म्हणजे जवळपास सारखंच. फरक पडला तो पुन्हा अँजिओप्लास्टी किंवा बायपास करावी लागण्यात (१६.५ विरुद्ध १९.८ टक्के), आणि गुठळ्याही थोड्या कमी झाल्या. औषधलेपित स्टेंटचं यश हे आहे. ते खरं आहे, रुग्णाच्या दृष्टीने मोलाचं आहे, आणि म्हणूनच साधा स्टेंट आज मागे पडला. पण स्टेंट दुरुस्त करतो ते धमनीतले दोन-तीन सेंटिमीटर, आणि आजार असतो सगळ्या धमन्यांत. कित्येक झटके अँजिओग्राफीत किरकोळ दिसणाऱ्या चरबीच्या थरांना तडा जाऊन येतात.

यावर पहिला आक्षेप असा की झटका आलेल्या माणसाचा जीव अँजिओप्लास्टीने वाचतो, हे तर उघड आहे. आहेच, आणि त्याबद्दल वादच नाही. झटक्याच्या पहिल्या तासांत धमनी उघडण्यासारखा दुसरा उपाय नाही, आणि तिथे पैशाचा किंवा दुसऱ्या मताचा घोळ घालत बसू नये. प्रश्न आहे तो चालताना दुखणाऱ्या, विश्रांतीने थांबणाऱ्या स्थिर छातीदुखीचा. ३७ देशांतल्या ५,१७९ रुग्णांवरच्या इस्किमिया चाचणीत (२०२०) अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास केलेल्या गटात १४५ मृत्यू झाले, आणि आधी औषधांवर ठेवलेल्या गटात १४४. या चाचणीत डाव्या मुख्य धमनीचा अडथळा किंवा फार कमकुवत हृदय असलेले रुग्ण घेतलेच नव्हते, असं काही डॉक्टर म्हणतात. ते बरोबर आहे, आणि अशा रुग्णांना हा निष्कर्ष लावूही नये. पण रोजच्या ओपीडीतले कितीतरी रुग्ण त्यात बसतात. ‘८० टक्के ब्लॉकेज’ ऐकून त्याच दिवशी संमतिपत्रावर सही करणारं कुटुंब बहुधा अशाच रुग्णाचं असतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : आयुष्य वाढलं नाही तरी दुखणं तर कमी होतं ना? होतं. २०२३ च्या ऑर्बिटा-२ चाचणीत ३०१ रुग्णांची छातीदुखीची औषधं थांबवून काहींना खरी, तर काहींना लटकी प्रक्रिया केली गेली. बारा आठवड्यांनी खऱ्या गटातले ४० टक्के आणि लटक्या गटातले १५ टक्के वेदनामुक्त होते. हा दिलासा खरा आहे, आणि गोळ्या घेऊनही ज्याला जिना चढवत नाही त्याने तो जरूर घ्यावा. मात्र स्टेंट बसवूनही पाचांपैकी तिघांना थोडंफार दुखणं उरलं, हेही निर्णयाआधी सांगितलं गेलं पाहिजे. तिसरा आक्षेप आपल्याकडे वारंवार ऐकू येतो की रुग्ण गोळ्या नियमित घेत नाहीत, तेव्हा एकदाचा स्टेंट टाकलेला बरा. हा तर्क नेमका उलटा आहे. स्टेंटनंतर अॅस्पिरिन आणि तिच्या जोडीची गोळी पहिल्या महिन्यांत मध्येच सोडणं म्हणजे गुठळीला निमंत्रण. गोळ्यांची शिस्त नसलेल्या माणसाला स्टेंट जास्त धोक्याचा.

मधुमेहाचा विचार वेगळा करावाच लागतो. अनेक धमन्यांत अडथळे असलेल्या १,९०० मधुमेही रुग्णांच्या फ्रीडम चाचणीत (२०१२) पाच वर्षांत मृत्यू, झटका किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी औषधलेपित स्टेंटच्या गटात २६.६ टक्क्यांना झालं, बायपासच्या गटात १८.७ टक्क्यांना. ते स्टेंट जुन्या पिढीचे होते हे खरं, पण नव्यांनी ही दरी भरून काढल्याचा तितका भक्कम पुरावा नाही. छाती उघडायची भीती समजण्यासारखी असली, तरी अशा रुग्णाने हृदयशल्यचिकित्सकाला भेटल्याशिवाय तीन-तीन, चार-चार स्टेंट स्वीकारू नयेत.

राहिला किमतीचा मुद्दा. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत करांव्यतिरिक्त २९,६०० रुपये ठरवली; त्याआधी छापील किंमत सरासरी १ लाख २१ हजारांच्या घरात होती. स्वस्ताईने दर्जा घसरेल, अशी ओरड झाली. त्याला उत्तर २०१९ च्या टॅलेंट चाचणीने दिलं. युरोपातल्या १,४३५ रुग्णांत सुरतेत तयार झालेल्या, ६० मायक्रॉन तारांच्या स्टेंटची तुलना नावाजलेल्या अमेरिकी स्टेंटशी झाली आणि वर्षभरातल्या अपयशाचं प्रमाण ४.९ विरुद्ध ५.३ टक्के, म्हणजे बरोबरीचं निघालं. एका स्टेंटच्या चाचणीवर प्रत्येक देशी स्टेंटने हक्क सांगू नये. आपल्या स्टेंटची अशी चाचणी झाली आहे का, हे प्रत्येक कंपनीला विचारलं गेलंच पाहिजे. आणि किंमत उतरल्याने गरज नसलेला स्टेंट गरजेचा होत नाही. गरज ठरवण्याचं काम सरकारी अधिसूचनेचं नाही, कॅथलॅबच्या दारापाशी होणाऱ्या संभाषणाचं आहे.

म्हणून वाचकांना विनंती. घरात कुणाला स्टेंट सुचवला गेला आणि झटका आलेला नसेल, तर दोन दिवस मागून घ्या, आणि हा स्टेंट दुखणं कमी करण्यासाठी आहे की जीव वाचवण्यासाठी, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. बसवलाच असेल तर त्याचं कार्ड जपून ठेवा, आणि दात काढायचा असो की मोतीबिंदू, हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही बंद करू नका.