सरहद्दीपलीकडचे छापखाने

मे १८७६ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर जर्मनीतल्या एम्स या गावी मुक्कामाला होता. तिथे त्याने एका फर्मानावर सही केली आणि रशियन साम्राज्यात युक्रेनी पुस्तकं परदेशातून आणायला बंदी आली. इतिहासाची जुनी कागदपत्रं आणि ललित लेखन सोडून युक्रेनीत काहीही छापायचं नाही, नाटकं करायची नाहीत, इतकंच काय, छापील स्वरलिपीखाली गाण्याचे युक्रेनी शब्दसुद्धा द्यायचे नाहीत. धार्मिक आणि शालेय पुस्तकं तर गृहमंत्री वालुयेव यांनी १८६३ सालीच अडवून ठेवली होती. युक्रेनी ही वेगळी भाषाच नाही, अशी सरकारची भूमिका होती. पण नसलेल्या भाषेवर बंदी घालायला एवढी फर्मानं लागत नाहीत.

भीती होती ती शेतकऱ्याच्या हाती पुस्तक पडण्याची. तारास शेवचेन्को जन्मला भूदास म्हणून. १८३८ साली एका चित्राच्या लॉटरीतून उभ्या राहिलेल्या २,५०० रुबलांवर त्याची सुटका झाली. दोनच वर्षांनी ‘कोबझार’ हा त्याचा कवितासंग्रह आला आणि खेड्यापाड्यांतली बोली साहित्याची भाषा म्हणून ताठ उभी राहिली. १८४७ साली त्याला पकडून साधा शिपाई म्हणून हद्दपार करण्यात आलं. शिक्षेच्या कागदावर झार पहिला निकोलस याने स्वतःच्या हाताने शेरा मारला होता: लिहिण्यास आणि चित्रं काढण्यास मनाई.

युक्रेनी समाज दोन राज्यांत विभागला गेला होता, तोही त्याला न विचारता. १६६७ साली रशिया आणि पोलंड यांनी आंद्रुसोवोच्या तहात नीपर नदीची रेघ ओढून कोसॅकांचा मुलूख वाटून घेतला. पुढे पोलंडचेच लचके तोडले गेले, तेव्हा १७७२ साली गॅलिशिया आणि ल्विव्ह शहर ऑस्ट्रियाकडे गेलं. रशियात बंदी आल्यावर याच फाळणीचा आधार झाला. कीव्हमध्ये जे छापता येत नव्हतं ते ल्विव्हमध्ये छापता येत होतं. १८७३ साली तिथे शेवचेन्कोच्या नावाने संस्था निघाली. तिला पैसे मिळाले ते मुख्यतः रशियन हद्दीतून. पोल्ताव्याच्या येलिझावेता मिलोरादोविच यांची देणगी त्यात मोठी होती. विद्यापीठातून काढून टाकलेले मिखाइलो द्राहोमानोव जिनिव्हाला गेले आणि त्यांनी तिथून ‘कोबझार’ची खिशात लपेल एवढी इवलीशी आवृत्ती काढली. कीव्हचे तरुण इतिहासकार मिखाइलो ह्रुशेव्स्की १८९४ साली ल्विव्हला प्राध्यापक झाले आणि युक्रेनच्या त्यांच्या बृहद् इतिहासाचा पहिला खंड १८९८ साली तिथेच निघाला.

पांतेलेइमोन कुलिश यांची चिकाटी तर थक्क करणारी आहे. ते बायबलचा युक्रेनी अनुवाद करत होते. १८८५ साली घराला आग लागली आणि हस्तलिखित जळून गेलं. साठी उलटलेली असताना ते पुन्हा पहिल्यापासून कामाला बसले. १८९७ साली ते वारले. पदार्थवैज्ञानिक इव्हान पुल्युय आणि कादंबरीकार नेचुय-लेवित्स्की यांनी काम तडीस नेलं, आणि १९०३ साली बायबल छापून निघालं, अर्थातच रशियाबाहेर.

ऑस्ट्रियाचं राज्य म्हणजे काही रामराज्य नव्हतं. गॅलिशियात सत्ता पोलिश जमीनदारांची होती. इव्हान फ्रांकोसारख्या लेखकाला तिथेही तुरुंग पाहावा लागला. पण छापखाने चालू राहिले, आणि त्याचं मोल मोठं होतं.

दोन्ही बाजू खऱ्या अर्थाने जवळ आल्या त्या सोव्हिएत काळाच्या सुरुवातीला. १९२७ साली खारकीव्हला शुद्धलेखनाची परिषद भरली. तिला गॅलिशियातले विद्वानही आले होते, जरी ल्विव्ह तेव्हा पोलंडमध्ये होतं. ‘ग’ या ध्वनीसाठी वेगळं अक्षर ठेवायचं ठरलं आणि दोन्हीकडच्या लिहिण्याला एक वळण मिळालं.

मग घाला आला. १४ डिसेंबर १९३२ च्या मॉस्कोच्या एकाच हुकमात धान्यवसुलीची सक्ती होती आणि रशियातल्या कुबान भागातल्या युक्रेनी शाळा-वर्तमानपत्रांचं रशियनीकरणही. पोट आणि भाषा एकाच कागदावर आवळण्यात आली. या वसुलीच्या काळात पडलेल्या दुष्काळात युक्रेनमध्ये सुमारे ३५ ते ४० लाख माणसं मेली. खारकीव्हच्या ‘स्लोवो’ या लेखकांच्या इमारतीत १३ मे १९३३ ला लेखक मिकोला ख्विलोवी यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. जुलैमध्ये शिक्षण खातं सांभाळलेले, ती परिषद घडवून आणणारे मिकोला स्क्रिप्निक यांनीही तोच मार्ग पत्करला. त्याच वर्षी ते अक्षर वर्णमालेतून काढून टाकलं गेलं. नोव्हेंबर १९३७ मध्ये दिग्दर्शक लेस कुर्बास, कवी मिकोला झेरोव आणि नाटककार मिकोला कुलिश यांना उत्तरेकडच्या सांदार्मोखच्या जंगलात गोळ्या घातल्या गेल्या.

ल्विव्ह तोवर वाचलं होतं, कारण मधे सरहद्द होती. १९३९ साली हिटलर-स्टालिन करारानंतर तीही उरली नाही. पुढच्याच वर्षी शेवचेन्को संस्था बंद करण्यात आली. देशोधडीला लागलेल्या अभ्यासकांनी १९४७ साली ती जर्मनीत पुन्हा उभी केली. ल्विव्हमध्ये ती परतली १९८९ साली, आणि गाळलेलं अक्षर १९९० च्या शुद्धलेखनात.