हेल्मेट कोठे ठेवावे?

गाडी स्टँडवर लावली, किल्ली काढून खिशात टाकली, की हातात उरते ते हेल्मेट. त्याचे काय करायचे, हा प्रश्न आमच्या महाविद्यालयातील दुचाकीवाल्यांना रोज सकाळी साडेसातला पडतो. कोणी ते आरशावर टांगतो, कोणी टाकीवर ठेवून देवावर हवाला ठेवतो, तर काहीजण कोपरात अडकवून वर्गात आणतात आणि सरांनी हजेरी सुरू करताच ते बाकावरून गडगडत थेट फळ्यापर्यंत जाते. वार्षिक अंकाची दोन पाने खर्ची घालावीत एवढा हा विषय मोठा आहे काय, असे वाचकांना वाटेल. दोन वर्षांपूर्वी मलाही तसेच वाटले असते.

द्वितीय वर्षात असताना गणपतीच्या आदल्या आठवड्यात मी लक्ष्मी रस्त्यावर गाडी लावली आणि हेल्मेट आरशावर ठेवून खरेदीला गेलो. पाऊण तासाने परत आलो तेव्हा आरसा होता. हेल्मेट सोळाशे रुपयांचे, बाबांनी घेऊन दिलेले. मित्र म्हणाले, चौकीत जाऊन तक्रार दे. तक्रार जरूर द्यावी, पण तिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी हेही माहीत असावे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांप्रमाणे पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या वस्तूची चोरी हा अदखलपात्र गुन्हा आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही. चोर सापडलाच, तो पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. आपणा विद्यार्थ्यांची बहुतेक हेल्मेटे ह्या पाच हजारांच्या रेषेखालीच मोडतात.

पण सोळाशे रुपये हे खरे नुकसान नव्हे, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. त्या संध्याकाळी मी नऊ किलोमीटर उघड्या डोक्याने गाडी चालवीत घरी आलो. गाडी मित्राकडे ठेवून बसने जावे, हे मला सुचलेसुद्धा नाही. गेलेल्या हेल्मेटाने घातलेला खरा खड्डा तो हा: चोरी नेहमी घरापासून दूर होते आणि घरी तर जायचेच असते. पुढचा खड्डा दुसऱ्या दिवशीचा. खिशात पैसे नसतात, म्हणून पदपथावरची स्वस्त टोपी डोक्यावर येते. 1 जून 2021 पासून आय.एस.आय. चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकण्यास देशात बंदी आहे, तरी पोलीस दिसला की डोक्यावर दिसण्यापुरत्या टोप्या रस्त्याच्या कडेला मिळतातच.

माझ्या मावसभावाची गोष्ट ह्याहून निराळी. त्याचे हेल्मेट चोरीला गेले नाही. गाडीच्या बाजूला सीटखाली जी लहानशी कडी असते, तिला त्याने ते पट्ट्याने अडकविले होते. कोणीतरी पट्टा कापला आणि का कोण जाणे, बहुधा माणसांची चाहूल लागली म्हणून, हेल्मेट तेथेच टाकून पळ काढला. दादा परत आला, त्याने हेल्मेट उचलले, पट्टा तुटलेला पाहिला आणि "चला, निदान वाचले तरी" असे म्हणून ते तसेच डोक्यात घातले. सातारा रस्त्यावर वाळूवरून गाडी घसरली. हेल्मेट त्याच्या आधी पडले. अकरा दिवस तो रुग्णालयात होता. आता तो चालतो, बोलतो, नोकरीवर जातो. फक्त त्याला वास येत नाही. डोक्याला धक्का बसला की नाकापासून मेंदूकडे जाणारे गंधाचे बारीक तंतू तुटू शकतात आणि ते पुन्हा जुळतीलच असे नसते. मावशी फोडणी देते तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो आणि विचारतो, "जळली का ग आई?" आम्ही कोणी हसत नाही.

ह्यासाठी हेल्मेट म्हणजे नेमके काय, ते समजून घेतले पाहिजे. वरचे कवच कठीण प्लॅस्टिकचे किंवा काचतंतूंचे असते. पण काम करतो तो आतला थर. तो आपल्या परिचयाच्या थर्मोकोलच्या जातीचाच, पण अधिक दाट असा पदार्थ. डोके आदळते तेव्हा हा थर चिरडला जातो, डोके थांबण्यास लागणारा वेळ किंचित वाढतो आणि मेंदूला बसणारा धक्का तेवढा कमी होतो. ऊर्जा शोषणाऱ्या अस्तराची ही कल्पना अमेरिकेतील सी. एफ. लोंबार्ड ह्यांच्या 1953 च्या पेटंटातून पुढे आली. त्याआधी 1935 साली 'अरेबियाचा लॉरेन्स' म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स ह्या शल्यविशारदाने पुढे लष्करी दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि 1941 मध्ये हेल्मेटाचे महत्त्व मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. एकदा चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून मोठ्या अपघातातून वाचविलेले हेल्मेट निवृत्त करावयाचे असते. आणि हे सारे शास्त्र डोक्यावर टिकून राहते ते हनुवटीखालच्या पट्ट्याच्या बळावर. आपला 1988 चा मोटार वाहन कायदाही कलम 129 मध्ये हेल्मेट केवळ घालण्यास सांगत नाही, तर ते डोक्याला घट्ट बांधण्यास सांगतो. पट्टा कापलेले हेल्मेट कायद्याच्या आणि निसर्गाच्या, दोघांच्याही दृष्टीने हेल्मेटच नव्हे.

आता गाडीवर ठेवण्याच्या रीती पाहू. आरसा ही सर्वांत वाईट जागा. चोराला कष्ट नाहीत हे तर आहेच. शिवाय आरशाचे टोक आतल्या मऊ थरात रुतते आणि महिनोन्महिने तेथेच टांगले की त्या जागी खळगा पडतो. टाकीवर ठेवणेही बरे नव्हे, कारण पेट्रोल हे त्या थराचे वैरी आहे. थर्मोकोलचा तुकडा पेट्रोलात पडला की कसा विरघळतो, हे पुष्कळांनी पाहिले असेल.

उरली ती कडी. हिच्यात एक बारकावा आहे आणि तो मला कोणा दुकानदाराने सांगितला नाही. काही हेल्मेटांच्या पट्ट्याला इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन धातूची कडी असतात. त्यांतले एक गाडीच्या हुकात घालून सीट बंद केली की पट्टा कापल्यावाचून हेल्मेट सुटत नाही. आपल्याकडे मात्र 'टक्' आवाज करून बसणारे बकल अधिक चालते. ते बकल लावून केलेल्या फासात हेल्मेट लटकविणे म्हणजे कडीकुलूप लावून किल्ली दाराला टांगून ठेवणे होय. बोटाने दाबले की सुटले! तेव्हा तोंड झाकणारे हेल्मेट असेल तर तारेचे लहान कुलूप घ्यावे आणि ती तार पट्ट्यातून न घेता हनुवटीसमोरच्या कमानीतून ओवून गाडीच्या सांगाड्याला बांधावी. ती कमान कापली तर हेल्मेटच निकामी होते, आणि निकामी हेल्मेट चोराला नको असते. स्कूटरवाल्यांना डिकीचे सुख आहे, पण तोंड झाकणारे मोठे हेल्मेट पुष्कळ डिक्यांत मावत नाही. जबरदस्तीने कोंबू नये.

चोराखेरीज इतरही शत्रू असतात. पावसाळ्यात उलटे लटकलेले हेल्मेट म्हणजे लोटा. कुंभारीण माशीला त्यातला कोपरा घरट्यासाठी फार पसंत पडतो, हा माझा स्वानुभव आहे. वैशाखात उन्हात तापलेले हेल्मेट डोक्यात घालणे ही शिक्षाच. त्याशिवाय रोजच्या उन्हाने प्लॅस्टिकचे आयुष्य कमी होते ते वेगळेच.

मग ते बरोबर बाळगावे हे उत्तम, असे कोणीही म्हणेल. मीही आता बव्हंशी तेच करतो. पण त्याची अडचण मी लपविणार नाही. हेल्मेट घेऊन ग्रंथालयात जाता येत नाही, उपाहारगृहात ते खुर्ची अडविते, आणि हातात वह्या व छत्री असताना जिना चढणे ही कसरतच असते. ते हातून पडले तर फुकट गेले, अशी एक समजूत आहे. ती पूर्णपणे खरी नाही. रिकामे हेल्मेट कमरेइतक्या उंचीवरून पडले तर आतला थर सहसा चिरडला जात नाही, कारण त्याला आतून दाबणारे डोक्याचे वजनच तेथे नसते. तरी कवचाला तडा गेला नाही ना, हे पाहावे. आणि मुद्दाम पाडून माझे म्हणणे पडताळू नये.

माझी पद्धत सध्या अशी आहे. महाविद्यालयात, मंडईत, स्टेशनवर, जेथे पाव तासाहून अधिक थांबायचे तेथे हेल्मेट माझ्याबरोबर येते. दूध घ्यायला किंवा झेरॉक्स काढायला उतरलो आणि गाडी डोळ्यांसमोर असली तर ते तारेने बांधून ठेवतो. परत आल्यावर डोक्यात घालण्यापूर्वी पट्टा दोन्ही बाजूंनी ओढून पाहतो, कारण अर्धवट कापलेला पट्टा नुसता पाहून कळत नाही. ह्याला दोन सेकंद लागतात. मित्र हसतात. त्यांना दादाची गोष्ट ठाऊक नाही, आता हा अंक वाचून कळेल. आणि पट्टा गेलेला आढळला तर? तर गाडी तेथेच कुलूप लावून ठेवायची आणि बस धरायची, असे मी बाबांना कबूल केले आहे. अजून तशी वेळ आलेली नाही.

जाता जाता एक विनंती. ग्रंथालयाच्या दाराशी पिशव्या ठेवण्याची जी फळी आहे, तिच्या वरच्या भिंतीवर पंधरावीस मोठे हुक ठोकता येतील. मी शिपाईमामांना विचारले. ते म्हणाले, "हुक मी ठोकीन, पण बिल्ले कोण देणार?" बिल्ले करण्यास आमचा वर्ग तयार आहे. पुठ्ठा आणि दोरा आम्ही आणून ठेवला आहे.