बॅक कॉम्प्रेशन, काळं ऑइल आणि कमी किलोमीटर

जुनी डिझेल गाडी बघायला जाताना सोबत कुणीतरी जाणकार असतोच. तो बॉनेट उघडतो, डिपस्टिक काढून ऑइल दोन बोटांत चोळतो आणि 'काळं पडलंय' म्हणत नाक मुरडतो. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढतो, 'बॅक मारतंय का' ते बघतो, मीटरवरचा आकडा वाचतो आणि निकाल देऊन मोकळा होतो. या पद्धतीला हसण्याचं कारण नाही. ती एका काळातल्या अनुभवातून आली आहे. पण ती ज्या इंजिनांसाठी घडली, ती इंजिनं आता बाजारात जवळपास उरलेली नाहीत.

अॅम्बॅसॅडरमधलं इसुझूचं डिझेल, महिंद्राच्या जीपमधलं प्यूजो किंवा १९९८ साली आलेल्या पहिल्या इंडिकातलं इंजिन आठवून बघा. टर्बो नाही, संगणक नाही, यांत्रिक पंप आणि साधे नोझल. त्यात बिघडण्यासारखं मुख्यतः एकच होतं, ते म्हणजे इंजिनाचं पोट: रिंगा, लायनर, बेअरिंग. म्हणून तपासणीही पोटाचीच होई. कॉमन रेल आल्यावर हे चित्र बदललं. २००७ च्या सुरुवातीला स्विफ्टमध्ये आलेलं फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट हे त्याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण. हेच इंजिन पुढे डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा, तसंच टाटाच्या व्हिस्टा, मान्झा, झेस्ट आणि फियाटच्या पुंटो, लिनियातही बसलं. पुण्याजवळच्या रांजणगावात आणि हरयाणातल्या मानेसरला ते तयार होई. त्याचा ब्लॉक आणि क्रँकशाफ्ट नीट ऑइल मिळालं तर सहजासहजी हार मानत नाहीत. पण त्याभोवती हजाराहून अधिक बार दाबाने डिझेल फवारणारे इंजेक्टर, मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणारा टर्बो, जळलेला वायू परत आत ओढणारा ईजीआर व्हॉल्व्ह आणि बऱ्याच गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील आलं. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत त्यात डीपीएफची, म्हणजे काजळी अडवणाऱ्या गाळणीची भर पडली. आजची डिझेल गाडी खिसा रिकामा करते ती या भोवतालच्या यंत्रणेमुळे. आणि आपण अजून पोटच तपासत बसतो.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज किलोमीटरचा. 'डॉक्टरांची गाडी आहे, आठ वर्षांत फक्त ३५ हजार चालली आहे' असं सांगितलं की गिऱ्हाईक विरघळतं. अशा गाड्या बाजारात इतक्या का, याचं कारण इंधनाच्या दरांत आहे. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले, डिझेलचे सुटले ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या चार वर्षांत दोन्ही दरांमधली दरी एवढी रुंदावली, की ज्यांचं रोजचं जाणं-येणं पाच-सहा किलोमीटरचं होतं त्यांनीही डिझेल गाड्या घेतल्या. डिझेल इंजिनाला गरम व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त वेळ लागतो. घरापासून दवाखान्यापर्यंतच्या फेरीत ते पुरतं तापतच नाही. ईजीआरमधून येणारी काजळी आणि क्रँककेसमधून येणारा ऑइलचा तुषार एकत्र होऊन इनटेक मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर धरतात. टर्बोच्या हलत्या पात्या असतील तर त्या काजळीने अडकतात. डीपीएफ असेल तर दुखणं आणखी वाढतं. साठलेली काजळी जाळून टाकायला त्याला सहाशे अंशांच्या आसपास तापमान आणि काही मिनिटांचा सलग प्रवास लागतो, आणि सिग्नलमागे सिग्नल थांबणाऱ्या गाडीला तो क्वचितच मिळतो. याउलट पुणे-मुंबई किंवा नागपूर-अमरावती रस्त्यावर वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर धावणारी गाडी बहुतांश वेळ योग्य तापमानावर चालते. टुरिस्टवाल्यांच्या इनोव्हा चार-चार लाख किलोमीटर जातात त्यात इंजिनाच्या गुणाइतकाच वाटा या सलग चालण्याचा आणि वेळेवर होणाऱ्या ऑइल बदलाचा असतो.

यावर कुणी म्हणेल, मग जास्त चाललेलीच गाडी घ्यायची का? नाही. क्लच, सस्पेन्शन, इंजेक्टर किलोमीटरनेच झिजतात, हे खरंच आहे. मुद्दा असा, की वय आणि वापर सांगितल्याशिवाय नुसता आकडा निरर्थक आहे. त्यात मीटर मागे घेण्याचा धंदा काही लपलेला नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नोंदणी क्रमांक दिला तर पूर्वीच्या सर्व्हिसच्या तारखा आणि त्या वेळचे किलोमीटर बहुधा मिळतात. गाडी बघायला जाण्याआधीच ते मागावेत.

आता काळ्या ऑइलबद्दल. डिझेलच्या ज्वलनात काजळी होते आणि ती धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. नवं ऑइल घातल्यावर शे-दोनशे किलोमीटरांत ते काळं पडतं, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. संशय यावा तो मधासारख्या स्वच्छ ऑइलचा. विकण्याच्या दोन दिवस आधी ते का बदललं, हा प्रश्न विचारायला हवा. रंगापेक्षा पातळी जास्त बोलते. डीपीएफच्या गाडीत काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल फवारलं जातं. ती प्रक्रिया वारंवार अर्धवट राहिली तर त्यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसलं आणि त्याला डिझेलचा वास येत असला, तर गाडी शहरातच फिरली आहे असं समजा. 'ऑइल भरपूर आहे' म्हणून खूश होऊ नका. ऑइल दुधाळ असेल तर त्यात कूलंट मिसळलं आहे. तिथे पुढची तपासणीच नको.

बॅक कॉम्प्रेशनचा प्रकार सर्वांत नाट्यमय. झाकण काढलं, धुराची बारीक रेघ आली, की 'इंजिन गेलं, काम करावं लागेल' असं ठरतं आणि भाव पडतो. पिस्टनच्या रिंगांतून थोडा वायू खाली निसटणं प्रत्येक इंजिनात होतं. तो बाहेर काढायला वेगळी वाटच दिलेली असते. काही इंजिनांत ऑइलचं झाकण थेट कॅमशाफ्ट किंवा टायमिंग चेनच्या वर येतं. तिथे फिरत्या भागांमुळे हवा आणि ऑइलचे तुषार उडणारच. ती वायू बाहेर काढणारी वाट तुंबली तरी दाब वाढतो. टर्बोचं सील गेलं तर त्याचा दाबही ऑइलच्या परतीच्या नळीतून क्रँककेसमध्येच येतो. म्हणजे एकच लक्षण काही शेकड्यांच्या दुरुस्तीचं असू शकतं, तसंच पूर्ण इंजिन खोलण्याचंही. झाकण उडून पडावं इतका जोर किंवा भकाभका येणारा धूर दुर्लक्षण्यासारखा नाही, हे मान्य. पण त्यावर निकाल देऊ नये, कॉम्प्रेशन टेस्ट करावी. उलट बाजूही तितकीच खरी आहे. 'बॅक अजिबात नाही' या प्रमाणपत्राचा इंजेक्टर, टर्बो किंवा डीपीएफशी काडीचा संबंध नाही.

पोटाची तपासणी फुकटात करायची असेल तर त्यासाठी कोल्ड स्टार्टसारखी सोय नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा ते अठरा पट दाबली जाते, त्या दाबानेच ती इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. रिंगा किंवा व्हॉल्व्ह गळत असतील तर थंड इंजिनात ही उष्णता पुरत नाही, स्टार्टर लांबतो, इंजिन सुरुवातीला लंगडतं आणि पांढरट, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो. ग्लो प्लग खराब असले तरी असंच होतं, पण विदर्भातल्या मे महिन्यात ग्लो प्लगची फारशी गरजच नसते. तेव्हाही गाडी कुरकुरत असेल तर कारण खोलवर आहे. म्हणून सकाळी जा, आणि पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागला तर विक्रेत्याने ती आधीच चालू करून ठेवली आहे. अशा वेळी दुसऱ्या दिवशी पुन्हा या. विक्रेत्याने 'कशाला' म्हटलं तर येऊच नका.

धुराचे रंग सगळ्यांना पाठ असतात, त्यामुळे त्यात फार वेळ घालवत नाही. निळा धूर ऑइल जळतंय हे सांगतो. मात्र ते रिंगांतून येतंय की टर्बोतून, हे सांगत नाही. काळा धूर हवा कमी आणि इंधन जास्त असल्याचा. त्यामागे बहुतेकदा तुंबलेला एअर फिल्टर, फाटलेला टर्बोचा होज किंवा अडकलेला ईजीआर निघतो. एक गोष्ट मात्र कमी लोक बघतात. बीएस-६ गाडीचा सायलेन्सरचा पाइप आतून जवळपास स्वच्छ असायला हवा. बोट फिरवल्यावर दाट काजळी लागली तर डीपीएफ फुटलेला आहे किंवा आतून पोकळ करून टाकलेला आहे. आणि पीयूसी? इंजिन वेगाने फिरवून धुराची दाटी मोजली जाते, एवढाच तो कागद. त्यावरून इंजिनाच्या तब्येतीचा दाखला घेणं चूक आहे.

खरा पैसा वाचतो तो इंजेक्टरच्या तपासणीत, आणि ती आश्चर्य वाटावं इतकी साधी आहे. प्रत्येक इंजेक्टरला उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारी एक बारीक नळी असते. मेकॅनिक चारही नळ्या काढून चार पारदर्शक बाटल्यांत सोडतो आणि इंजिन काही मिनिटं चालू ठेवतो. चारही बाटल्यांत पातळी सारखी आली तर ठीक. तीन बाटल्या पाव भरल्या आणि चौथी अर्ध्याच्या वर गेली, तर तो इंजेक्टर आतून गळतोय. स्टार्टर लांबण्याचं कारणही तोच असू शकतो, आणि बिचाऱ्या रिंगा फुकट बदनाम होतात. सोबत स्कॅनर लावावा, पण 'एकही कोड नाही' या वाक्यावर भाळू नये. कोड पुसता येतात. पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली, हे बहुतेक गाड्यांत स्कॅनरवर दिसतं, आणि स्वतःच्या चाचण्या संगणकाने पूर्ण केल्या आहेत की नाही हेही दिसतं. बघायला जाण्याच्या आदल्या दिवशी कोड पुसलेले असतील तर डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा न लागणं हाच काहीतरी लपवल्याचा पुरावा आहे.

उरला नावाचा मुद्दा. 'अमुक इंजिन म्हणजे डोळे मिटून घ्या' हे ऐकायला बरं वाटतं. जुन्या इनोव्हातलं २.५ लिटरचं इंजिन दणकट आहेच, पण त्याला टायमिंग बेल्ट आहे. डस्टरमधल्या १.५ डीसीआयलाही बेल्टच आहे. तो वेळेवर बदलला नाही आणि तुटला, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि दणकटपणा तिथेच संपतो. मल्टिजेटला चेन आहे म्हणून 'काही बघायला नको' असंही नाही. ऑइल बदलण्यात कुचराई झाली की चेनही सैल पडते आणि थंड इंजिनात खडखडते. त्याच मल्टिजेटच्या ७५ आणि ९० पीएसच्या अवतारांत टर्बो वेगवेगळे आहेत, त्यामुळे खर्चही वेगळा. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं तेव्हा मारुतीने डिझेल बंद केलं, म्हणून सुटे भाग मिळत नाहीत ही अफवा मात्र सोडून द्या. इतक्या गाड्यांत बसलेल्या इंजिनाचे भाग गल्लीतल्या दुकानातही मिळतात.

राहता राहिला आक्षेप: एवढी तपासणी कोण करू देतो? मनासारखी गाडी दुसरा घेऊन जाईल त्याचं काय? अर्धा दिवस आणि मेकॅनिकची मजुरी यापलीकडे यात काही जात नाही. एका टर्बोचा किंवा इंजेक्टरच्या संचाचा खर्च त्याच्या कितीतरी पट आहे. आणि तुमचं स्वतःचं चालवणं वर्षाला दहा हजार किलोमीटरांच्या आतलं, तेही शहरात असेल, तर कितीही चांगली डिझेल मिळाली तरी घेऊ नका, पेट्रोल बघा. नाहीतर दोन वर्षांनी तीच गाडी तुमच्या हातून 'कमी चाललेली' म्हणून विकायला निघेल. ज्यांचं चालवणं खरोखर जास्त आहे त्यांच्यासमोर एकाच किमतीत दोन गाड्या असतील, एक सव्वा लाख किलोमीटर हायवेवर चाललेली, प्रत्येक ऑइल बदलाच्या आणि लागू असेल तिथे बेल्टच्या पावतीसह, आणि दुसरी ४० हजार चाललेली, चकचकीत, पण एकही कागद नसलेली, तर पहिली घ्या. भावही तिचाच करा.