गोठविलेले दही आणि फळे : रसालेच्या निकषावर

उन्हाळ्याची सुट्टी लागली की वैद्यांकडे एक प्रश्न हमखास येतो. दही आणि फळांचा गर साच्यात भरून, त्यात काडी खोचून, घरच्या फ्रीझरमध्ये गोठविला तर तो मुलांना द्यावा काय? विचारणाऱ्या मातांचा हेतू निर्मळ असतो. बाजारच्या आइस्क्रीममधील रंग व कृत्रिम सुगंध टाळावेत, दही-फळे मुलांच्या पोटात जावीत आणि हट्टही पुरवावा, असा तो तिहेरी विचार. कृती त्यांना मोबाइलच्या पडद्यावर मिळालेली असते. संमती मात्र वैद्याची हवी असते.

या प्रश्नाला आपल्यापैकी बहुतेकांची उत्तरे दोन टोकांची असतात. 'थंड नको, दही नको, विरुद्धाशन आहे' असे एकदम सांगणारे एका टोकाला, तर 'घरचे आहे ना, मग द्या' म्हणणारे दुसऱ्या टोकाला. आम्हांस दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पहिले उत्तर माता निमूटपणे ऐकून घेते, घरी जाऊन करायचे तेच करते आणि पुढच्या वेळी वैद्याला विचारण्याचेच सोडून देते. आहाराविषयी लोक आजही आपणांस आवर्जून विचारतात, हे आपल्या व्यवसायाचे मोठे धन आहे. ते असे कारणाविना उधळण्यात अर्थ नाही. दुसऱ्या उत्तराने तर शास्त्रच बाजूला पडते.

मुळात ज्या समजुतीवर हा पदार्थ उभा आहे, तीच आधी तपासली पाहिजे. दही थंड असते, गोठविले की अधिकच थंड होते, म्हणून ते उन्हाळ्यात हितकर, असे जनसामान्य मानतात. येथे स्पर्श आणि वीर्य यांची गल्लत होते. दही स्पर्शाला शीत असले तरी ते उष्णवीर्य, अम्लविपाकी, गुरु व अभिष्यंदी आहे. फ्रीझरमध्ये ठेवल्याने त्याचा स्पर्श बदलतो. ते शीतवीर्य होत नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात शरद, ग्रीष्म व वसंत या तीन ऋतूंत दही बहुधा निंद्य मानले आहे. हेमंत, शिशिर व वर्षा हे दह्याचे प्रशस्त काळ. म्हणजे ज्या दिवसांत गोठविलेले दही खाण्याची कोणास इच्छा होत नाही, नेमक्या त्याच दिवसांत दही खाण्याची मुभा! हा विरोध लक्षात आल्यावर पुष्कळ वैद्य तेथेच थांबतात आणि निषेध सांगून मोकळे होतात.

परंतु शास्त्र तेथे थांबलेले नाही. अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्याध्यायात वाग्भटांनी ग्रीष्मात घ्यावयाच्या पदार्थांत रागखांडव व पंचसार पानक यांच्या बरोबरीने रसालेचा निर्देश केला आहे. रसाला म्हणजे दह्याचाच पदार्थ, आपल्या श्रीखंडाची पूर्वज. चरकांनी तिला बृंहण, वृष्य, स्निग्ध, बल्य व रुचिप्रद म्हटले आहे. भावप्रकाशाच्या कृतान्नवर्गातही ती आढळते. जो ग्रंथकार द्रवद्रव्यविज्ञानात उष्णकाळी दही नको म्हणतो, तोच ऋतुचर्येत दह्याची रसाला घ्या म्हणतो. हा विसंवाद नव्हे. दह्याच्या निषेधातच त्याची सोडवणूक आहे. रात्री दही नको, उष्ण केलेले नको. आणि घ्यावयाचे तर मुद्गयूष, मध, घृत-शर्करा किंवा आमलकी यांच्याविना नको, असे तेथे सांगितले आहे. 'विना' हा शब्द महत्त्वाचा. संस्कार आणि संयोग यांनी द्रव्याचे गुण पालटतात, हे चरकांच्या आठ आहारविधिविशेषायतनांपैकी दोन आयतनांचेच म्हणणे आहे. गाळलेले, शर्करायुक्त, वेलदोडा-मिरी यांनी संस्कारित दही हे नुसत्या दह्याहून निराळे द्रव्य होय.

तेव्हा घरच्या या गोठविलेल्या खाऊला कोणता निकष लावावयाचा, हे ठरले. तो रसालेच्या जितका जवळ जाईल तितका ग्राह्य, जितका दूर जाईल तितका त्याज्य. हा निकष मातांनाही चटकन समजतो, कारण श्रीखंड त्यांच्या हातचे असते.

या निकषावर पहिले बाद होते ते केळे. मोबाइलवरच्या जवळजवळ प्रत्येक कृतीत केळे असतेच, कारण त्याच्या गराने गोठविलेल्या पदार्थाला मऊपणा येतो व साखर कमी लागते. अष्टांगहृदयाच्या अन्नरक्षाध्यायात दही किंवा ताक यांच्याबरोबर केळे विरुद्ध म्हणून स्पष्ट सांगितले आहे. सुश्रुतांचेही तेच मत. गंमत अशी की, ग्रीष्मचर्येतील पानकाच्या संदर्भात वाग्भटांनीच मोचाचा, म्हणजे केळ्याचा, उल्लेख केला आहे. म्हणजे त्यांचे वैर केळ्याशी नाही, दही-केळे या संयोगाशी आहे. मुलास केळे हवेच असेल तर नुसते द्यावे, आणि दह्याच्या वेळी देऊ नये. (शिकरणाचा विषय येथे काढीत नाही. दूध-केळे विरुद्ध असे सांगणाऱ्या किती वैद्यांच्या घरी ते होत नाही, हे आपण सारे जाणतो!)

दुसरा प्रश्न आंबट फळांचा. अम्ल फळांची चरकांची मोठी यादी दुधाच्या विरोधात आहे, दह्याच्या नव्हे, हे येथे ध्यानात ठेवावे. पण पुष्कळ कृतींत दह्याबरोबर दूध, साय किंवा दूधपावडरही घालतात. मग ती यादी लागू होते. शिवाय अम्ल दही आणि अम्ल फळ मिळून पित्तप्रकोपाला निमंत्रण मिळते ते वेगळेच. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा येथे विशेष विचार व्हावा. ती दिसायला गोड, पण रसाने बहुधा अम्लमधुर. स्ट्रॉबेरी, चिकू, सीताफळ, पेरू ही फळे परदेशातून, मुख्यतः अमेरिका खंडातून आपल्याकडे आली. संहितांत ती शोधू नयेत. त्यांचा निर्णय रस-गुणांवरून आपणच करावयाचा आहे. आमच्या मते घोलवडचा पिकलेला चिकू दह्याशी बऱ्यापैकी जुळतो, कारण तो मधुर आहे. मात्र त्याच्या गुरुत्वामुळे मात्रा निम्मी ठेवावी. सीताफळ कफकर म्हणून वगळावे. सर्वांत निर्धोक म्हणजे गोड डाळिंबाचे दाणे, भिजवून वाटलेल्या मनुका, खजूर आणि पिकलेले अंजीर. ही द्रव्ये आपल्या परिचयाची आहेत. द्राक्षा आणि खर्जूर तर पंचसार पानकातीलच घटक होत.

पिकलेल्या हापूसचे काय? आम्रखंड महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जाते. सात्म्य, अल्प मात्रा, दीप्त अग्नी, तारुण्य व व्यायाम यांमुळे विरुद्धान्नही बाधत नाही, अशी सवलत चरकांनी ठेवली आहे. पूर्ण पिकलेला, आंबटपणा नसलेला आंबा घेतल्यास निरोगी मुलाला अधूनमधून हरकत घेऊ नये, असे आम्हांस वाटते. येथे मतभेदास जागा आहे, हे आम्ही मानतो.

आता कृती. रुग्णांना ती तोंडी सांगण्याऐवजी कागदावर लिहून द्यावी. दही गाईच्या दुधाचे असावे. म्हशीचे अधिक गुरु. ते पूर्ण लागलेले पण आंबट न झालेले हवे. अर्धवट विरजलेले मंदक दही त्रिदोषकर म्हटले आहे, आणि सकाळी विरजून दुपारी वापरण्याच्या घाईत नेमके तेच वापरले जाते. दही स्वच्छ पातळ फडक्यात बांधून चार-पाच तास टांगावे. पाव किलो चक्क्यास सुमारे ७५ ग्रॅम खडीसाखरेची पूड, १०० ग्रॅम फळाचा गर किंवा वाटलेल्या मनुका, पाव चमचा वेलदोड्याची पूड, चिमूटभर मिरपूड व तितकीच सुंठ घेऊन सारे पुरणयंत्रातून किंवा फडक्यातून गाळावे. मिरी-सुंठ मुलांना कळतही नाही, पण गुरुत्व व अभिष्यंद यांना तोलण्याचे काम तीच करतात. ती गाळली तर बाकीच्या खटाटोपास फारसा अर्थ उरत नाही. मिश्रण वाटीत किंवा साच्यात भरून गोठवावे. वाटीत केल्यास गोठताना दोनदा चमच्याने ढवळावे.

चक्काच का घ्यावयाचा, याचे कारण भौतिक आहे. नुसत्या दह्यात पाणी फार असते. ते गोठताना त्याचे मोठे स्फटिक होतात व पदार्थ दगडासारखा कडक होतो. पाणी निथळून गेले की स्फटिक बारीक राहतात. साखर व स्निग्धांशही तेच काम करतात. साखरेने पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. म्हणून 'साखरेशिवाय' करावयास गेल्यास बर्फाचा खडा हाती येतो. मुले तो चघळतात आणि घसा धरतो.

संहिताकारांसमोर उणे १८ अंश सेल्सिअसचा फ्रीझर नव्हता. गोठविल्याने पदार्थात शीत, कठिन व स्थिर गुण वाढतात हे उघड आहे आणि ते अग्नीस प्रतिकूलच. आहार उष्ण असावा हा तर आहारविधीचा पहिलाच नियम. म्हणून गोठविलेला खाऊ फ्रीझरमधून काढून दहा-पंधरा मिनिटे बाहेर ठेवावा, तो मऊ झाल्यावर चमच्याने सावकाश खाऊ द्यावा. वेळ दुपारच्या जेवणानंतर तासा-दीड तासाची. रात्रीच्या जेवणानंतर शतपावली करीत आइस्क्रीम खाण्याची जी पद्धत शहरांत रूढ झाली आहे, तिचे घरगुती रूप म्हणून हा पदार्थ कदापि नको. रात्रीच्या दह्याचा निषेध निरपवाद आहे. मात्रा चार-पाच चमचे, आठवड्यातून एक-दोन वेळा.

गोठविल्याने जंतू मरतात हाही एक समज. ते बहुतांशी निद्रिस्त होतात, एवढेच. दह्यातील उपकारक जिवाणूंना जे लागू, तेच हात किंवा न धुतलेल्या फळावाटे आलेल्या रोगकारक जंतूंनाही लागू. एकदा वितळलेला पदार्थ पुन्हा गोठवू नये. लहान मुलांना अख्खे द्राक्ष, विशेषतः गोठलेले, देऊ नये. ते श्वासमार्गात अडकते, म्हणून उभे चिरून द्यावे. एक वर्षाखालील बालकास कोणत्याही रूपात मध देऊ नये.

ज्यांना हा पदार्थ नाकारावयाचा त्यांना मात्र स्पष्ट नाकारावा. प्रतिश्याय, कास, तमकश्वास, वारंवार सुजणारे गलग्रंथी, रक्तपित्त, शोथ व कुष्ठ यांत दही नको. त्वचाविकार असलेल्या मुलांच्या माता 'थोडेसे चालेल ना?' असे विचारतात. तेथे मुरवत ठेवू नये. मधुमेही आजी-आजोबा नातवंडांबरोबर वाटी घेऊन बसतात, त्यांनाही सांगणे भाग आहे. प्रमेहाच्या निदानात दही आहे आणि येथे तर त्यात साखर आहे. अशा मुलांसाठी कोकमाचे, मनुकांचे किंवा डाळिंबाचे पानक मातीच्या नव्या भांड्यात गार करून द्यावे. हे मुलांनाही आवडते, हा आमचा अनुभव आहे.

औषधालय चालविणाऱ्या बंधू-भगिनींसाठी थोडे निराळे. 'आयुर्वेदिक कुल्फी', 'हर्बल योगर्ट' अशा नावांचा माल ठेवावा का, अशी विचारणा होते. औषधविक्री करतो म्हणून खाद्यपदार्थही विकता येतात, असे नाही. त्यासाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालील नोंदणी किंवा परवाना लागतो. २०२२ साली आयुर्वेद आहाराचे स्वतंत्र विनियम आले; औषधे त्यांच्या कक्षेबाहेर आहेत. वेष्टनावर 'फ्रोझन डेझर्ट' असे असेल तर दुग्धस्निग्धांशाच्या जागी वनस्पतिस्निग्ध वापरलेले असू शकते, हे ग्राहकाला दाखवून द्यावे. शीतपेटीचा वीजपुरवठा वारंवार खंडित होणाऱ्या गावात असा माल न ठेवणे बरे.

जाता जाता एक. चक्का टांगल्यावर खाली जे पाणी निथळते ते पुष्कळ घरांत मोरीत जाते. ते मस्तु होय. दह्याच्या तुलनेत लघु, सर आणि स्रोतोशोधक. मलावष्टंभ असलेल्या मुलाला त्यात किंचित सैंधव व भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून दुपारी अर्धी वाटी द्यावे. उरले तर थालीपिठाचे पीठ त्यातच भिजवावे.