आधी शाळा होती, कोंडवाडा नंतर झाला

“आमच्या वेळी नव्हती असली खुळं. अशा मुलांना शाळेत कोण घालत होतं?” मतिमंद मुलाचा विषय निघाला की कुणीतरी हे म्हणतंच. त्याच बैठकीतला दुसरा, जरा वाचन असलेला, म्हणतो, “पूर्वी कोंडूनच ठेवायचे हो. आता विज्ञान पुढे गेलं, म्हणून शिकवता तरी येतं.” पहिल्याला हे शिक्षण खूळ वाटतं, दुसऱ्याला अलीकडची प्रगती. पण दोघांनी मनात धरलेला इतिहास एकच आहे: आधी सगळा अंधार, मग हळूहळू उजेड. तो साफ चुकीचा आहे. वर त्यातून एक घातक निष्कर्ष निघतो, की या मुलांना शिकवणं हा अजून चालू असलेला प्रयोग आहे. जमला तर जमला.

हा प्रयोग जमून पावणेदोनशे वर्षं होऊन गेली.

१८०० साली दक्षिण फ्रान्सच्या आव्हेरों भागात, रानात वाढलेला आणि बोलता न येणारा एक मुलगा लोकांच्या हाती लागला. मनोविकारांचे त्या काळचे मोठे जाणकार फिलीप पिनेल यांनी त्याला तपासून सांगितलं, की हा मुळातच मंदबुद्धी आहे, काही उपयोग होणार नाही. ज्याँ ईतार या तरुण डॉक्टरने ते मानलं नाही आणि पाचेक वर्षं त्या मुलाला, व्हिक्टरला, शिकवलं. व्हिक्टर बोलू लागला नाही. पण लिहिलेले काही शब्द ओळखून त्या वस्तू आणून देण्याइतका तयार झाला. ईतार यांना हे अपयश वाटलं. त्यांचे शिष्य एदुआर सेगाँ यांना वाटलं नाही.

सेगाँ यांनी १८३७ च्या सुमारास एका मुलापासून सुरुवात केली आणि पद्धत बसवली. आधी स्नायू, मग इंद्रियं, मग हात, शेवटी कल्पना. शिडीवर चढायला लावायचं, खडबडीत-गुळगुळीत बोटांनी चाचपायला द्यायचं, लाकडी आकार ज्याच्या त्याच्या खाचेत बसवायला लावायचे, मणी ओवायला द्यायचे. १८४४ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या समितीने हे काम तपासून वाखाणलं. १८४६ मध्ये सेगाँ यांचा ग्रंथ निघाला. आपल्याकडच्या दवाखान्यांत मुलांची बुद्धी तपासताना ‘सेग्विन फॉर्म बोर्ड’ पुढे ठेवतात, तो यांच्याच नावाचा. त्यांनी शिकवायला वापरलेली फळी आपण मोजायला वापरतो, हे सोडून देऊ.

ही साधनं ओळखीची वाटत असतील, तर त्याचंही कारण आहे. मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये आधी मतिमंद मुलांना शिकवलं. सेगाँ यांचा ग्रंथ त्यांनी स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये लिहून काढला आणि १९०७ मध्ये सान लोरेंझो वस्तीत बाकीच्या मुलांसाठी ‘बालघर’ उघडलं तेव्हा तोच वारसा तिथे नेला. माँटेसरी यांची पद्धत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी आपल्याकडे रुजवली. म्हणजे तुमच्या नातवाच्या बालवाडीतल्या ठोकळ्यांची वंशावळ मतिमंद मुलांच्या वर्गापर्यंत जाते. “नॉर्मल मुलांचं थोडंफार यांनाही शिकवतात” असं म्हणणाऱ्यांनी ही वंशावळ एकदा उलट दिशेने वाचावी.

मग कोंडवाडे कुठून आले? नंतर आले. १८४८ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तीन वर्षांसाठी दरसाल २,५०० डॉलर मंजूर केले आणि सॅम्युअल ग्रिडली हाऊ यांनी १० मुलांना शिकवायला घेतलं. हेतू सरळ होता: शिकवायचं आणि घरी परत पाठवायचं. मुलं शिकली, शाळा कायमची झाली. पण शिकून बाहेर पडणाऱ्यांना काम मिळेना, कित्येकांना घरचे परत नेईनात. शिवाय चालकांच्या एक गोष्ट लक्षात आली, की शिकलेली माणसं धुलाई, शेती आणि इतरांची शुश्रूषा बिनपगारी करतात. मग त्यांना सोडायचं कशाला? अपंगांना समाजापासून तोडून मोठ्या संस्थांत गोळा करू नका, असं हाऊ यांनी १८६६ मध्ये बटाव्हिया इथल्या भाषणात बजावलं होतं. कुणी ऐकलं नाही.

त्याच १० मुलांच्या शाळेचं पुढे ‘फर्नाल्ड स्टेट स्कूल’ झालं, दोन हजारांवर माणसं भरलेलं. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुलांना ‘विज्ञान मंडळा’चं आमिष दाखवून किरणोत्सारी द्रव्य मिसळलेली ओटची लापशी खाऊ घातली गेली. ही ऐकीव गोष्ट नाही. अमेरिकी सरकारने नेमलेल्या सल्लागार समितीच्या १९९५ च्या अहवालात ती नोंदलेली आहे. ती संस्था २०१४ मध्ये बंद झाली.

या घसरणीला पद्धतीचं अपयश जबाबदार नव्हतं. पैसा, सोय आणि वंशशुद्धीचं वेड जबाबदार होतं. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये बुद्धीची चाचणी तयार केली ती कोणत्या मुलाला जास्त मदत हवी हे कळावं म्हणून. अमेरिकेत हेन्री गोडार्ड यांनी तीच माणसं वेगळी काढायची चाळणी बनवली. १९०७ मध्ये इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला आणि १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीच्या खटल्यात अशा नसबंदीवर शिक्कामोर्तब केलं. कॅरीची तान्ही मुलगी ‘मंदबुद्धीची तिसरी पिढी’ म्हणून न्यायालयापुढे मांडली होती. ती पुढे शाळेत गेली आणि चक्क गुणवंतांच्या यादीत झळकली. इंग्लंडमध्ये तर काही मुलं ‘शिकवण्यास अपात्र’ ही तरतूद १९७१ पर्यंत कायद्यात होती. सेगाँ यांच्या ग्रंथानंतर सव्वाशे वर्षं!

आता बाकीचे समज. ‘हा वेडाचाच प्रकार’: नाही, मनोविकार हा आजार आहे आणि त्यावर उपचार होतात, तर बौद्धिक अक्षमता ही वाढीच्या काळात सुरू होणारी अवस्था आहे. अर्थात आपल्या १९१२ च्या कायद्यानेच दोन्हींना एका व्याख्येत बसवलं होतं आणि १९८७ च्या कायद्याने ती वेगळी काढली, तेव्हा घोळ फक्त लोकांचा नाही. ‘आपल्याकडे हे आत्ता आत्ता आलं’: मुंबईची जय वकील शाळा १९४४ ची आहे, स्वातंत्र्याच्याही आधीची. ‘लग्न केलं की सुधारेल’: यावर काय लिहायचं? दुसऱ्या घरातल्या मुलीला न सांगता दिलेली ही शिक्षा आहे.

‘औषधाने पूर्ण बरं होतं’ हा समजही जुना आहे. १८४१ मध्ये स्वित्झर्लंडच्या आबेंडबर्गवर गुगेनब्यूल या डॉक्टरने डोंगरातल्या हवेने मुलं बरी करण्याचा दावा केला. युरोपभरचे मान्यवर बघायला आले. पुढे मुलांची आबाळ उघडकीला आली आणि संस्था बुडाली. त्या मुलांच्या मंदत्वाचं मूळ आयोडीनच्या कमतरतेत होतं. झालेलं नुकसान नंतर भरून निघत नाही, ते आधीच टाळावं लागतं. म्हणून १९२२ पासून तिथे मिठात आयोडीन घालू लागले. आज तेलं आणि बुद्धिवर्धक गोळ्या विकणाऱ्यांपुढे रांग लावण्याआधी हे आठवावं. शिकणं म्हणजे बरं होणं नव्हे. स्वतःच्या हाताने जेवणं, पैसे मोजणं, बस ओळखणं हे शिकणं आहे आणि ते होतं.

घरात असं मूल असेल, तर एवढं करा: दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढा. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेने “आमच्याकडे जमणार नाही” म्हटलं, तर नकार लेखी मागा.